रांगेतला क्रमांक

हातात पैसा असावा, घेण्याची तयारी असावी आणि तरीही दुकानदाराने "माल नाही, नाव लिहून ठेवा" असे सांगावे, हा अनुभव आजच्या तरुण पिढीला जवळजवळ अपरिचित आहे. सकाळी मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येण्याची सवय झालेल्या या पिढीला प्रतीक्षा म्हणजे कोणाची तरी चूक वाटते. व्यापारी घरातील वडीलधाऱ्यांची गोष्ट वेगळी असते. माल नसणे, माल वाटेत असणे आणि माल येऊनही तो दुसऱ्याच्या नावाचा असणे, या तिन्ही अवस्था त्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या असतात. हे दोन अनुभव एकाच घरात समोरासमोर आले की जे घडते, ते विचार करण्याजोगे असते.

सांगलीतील असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. गणपती पेठेत तीन पिढ्यांची हळदीची अडत पेढी. पेढीची इमारत जुनी, लाकडी तुळयांची. २०१९ च्या महापुरात तिच्या पायात पाणी मुरले आणि तेव्हापासून एक भिंत कललेली. दिवाळीनंतर ती उतरवून त्याच जागी नवी पेढी बांधायची, असा निर्णय घरात झालेला. आजोबा ऐंशीच्या घरातले, वडील व्यवहार पाहणारे आणि वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दोन वर्षांपासून पेढीवर बसू लागलेला नातू. नातवाला छायाचित्रणाचा नाद. स्वतःच्या कमाईतून साठवलेल्या पैशांत त्याला एकच वस्तू घ्यायची होती आणि तिच्याने पहिले काम एकच करायचे होते: जुनी पेढी जमीनदोस्त होण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढून ठेवायची.

ती वस्तू म्हणजे फुजीफिल्म कंपनीच्या एक्स-१०० मालिकेतील सहावा कॅमेरा. २० फेब्रुवारी २०२४ रोजी तो टोकियोत जाहीर झाला. तेव्हा भारतातील त्याची किंमत सुमारे १ लाख ६० हजार रुपये होती. दिसायला तो जुन्या काळच्या रोलच्या कॅमेऱ्यासारखा. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. छायाचित्रात ४ कोटी बिंदू टिपण्याची क्षमता. त्याची लेन्स बदलता येत नाही आणि तिला झूमही नाही. दृश्य मोठे हवे असेल तर छायाचित्रकाराने स्वतः मागे सरकावे, लहान हवे असेल तर पुढे जावे. फुजीफिल्मने १९३४ मध्ये स्थापनेपासून फिल्म बनवण्यात जे नाव कमावले, त्या फिल्मच्या रंगांची आठवण देणाऱ्या २० रंगछटा या कॅमेऱ्यात घातल्या आहेत. मोबाइलच्या झगझगीत चित्रांना कंटाळलेल्या तरुणांना नेमके हेच आवडले. मालिकेतील आधीचा, २०२० मध्ये आलेला कॅमेरा समाजमाध्यमांवरील प्रसिद्धीमुळे एवढा दुर्मीळ झाला, की त्याचा वापरलेला नग नव्याच्या मूळ किमतीहून अधिक भावाने विकला जाऊ लागला. सहावा आला तेव्हा जगभर त्याच्यासाठी नावे नोंदवण्याची घाई झाली.

नातवाने गुढीपाडव्याला शहरातील एका दुकानात बयाणा भरून नाव लिहिले. पावतीवर क्रमांक पडला अकरा. दुकानदार म्हणाला, "महिन्या-दीड महिन्यात होईल." वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. आषाढात चौकशी केली तेव्हा अकराचा नऊ झाला होता. नातू चिडला. कंपनी मुद्दाम माल दाबून ठेवते, असे त्याचे म्हणणे. आजोबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न विचारला, "माल का नाही, हे पाहिलंस का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की टंचाईमागचा मोठा पट उलगडत जातो. कॅमेऱ्यांच्या जागतिक व्यापाराचे आकडे आधी पाहावेत. २०१० मध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या नोंदीनुसार १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ७७ लाखांवर आला. म्हणजे शंभर पोती विकली जात होती तिथे सहा-सात पोती विकली जाऊ लागली. बाकीचा सारा धंदा मोबाइलने नेला. ज्या धंद्यात बाजार इतका आक्रसला, तिथे एका कॅमेऱ्याची लाट आली म्हणून नवा कारखाना कोण उभारील? लाट ओसरली तर यंत्रे आणि माणसे बसून राहतील. शिवाय फार माल काढून भाव पाडून घेण्याची कंपनीला इच्छा नाही, असाच तिच्या नेतृत्वाचा सूर २०२४ मध्ये होता. नातवाचा संशय अगदीच निराधार नव्हता. परंतु 'दाबून ठेवणे' आणि 'बेताने बनवणे' यांतला फरक हळदीच्या व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे कारण निसर्गाचे. कॅमेरा ही शेकडो सुट्या भागांची वस्तू आहे आणि त्यांतला एक भाग अडला की सारे अडते. या मालिकेतील पहिला कॅमेरा मार्च २०११ मध्ये विक्रीला आला आणि त्याच महिन्याच्या ११ तारखेला जपानच्या ईशान्य भागात प्रचंड भूकंप झाला. तो कॅमेरा जिथे बनत होता, तो मियागी प्रांतातील कारखाना काही काळ थांबला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थायलंडमध्ये महापूर आला. अयुथया येथील औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. निकॉनचा कारखाना बुडाला, सोनीचाही बुडाला आणि जाहीर झालेल्या काही कॅमेऱ्यांची विक्री लांबणीवर पडली. एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या कुमामोतो भागात भूकंप झाला. प्रकाशाचे चित्रात रूपांतर करणारा सेन्सर हा भाग बनवणारा सोनीचा कारखाना तिथे होता. तो बंद पडताच त्याच्याकडून सेन्सर घेणाऱ्या इतर कंपन्यांनाही झळ पोहोचली. पुढे २०२१ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक चिपची जगभर टंचाई झाली. त्या वर्षी जाहीर झालेल्या निकॉनच्या झेड-९ या मोठ्या कॅमेऱ्याला अपेक्षेपेक्षा इतकी मागणी आली, की ग्राहकांना थांबावे लागत असल्याबद्दल कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

नातवाने थायलंडच्या पुराची चित्रे दाखवली तेव्हा आजोबा बराच वेळ पाहत राहिले. कारखान्याच्या छतापर्यंत चढलेले तपकिरी पाणी आणि होडीतून फिरणारी माणसे. कृष्णा आणि वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरमध्ये जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची रीत होती. पेवात घातलेली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. २००५ च्या पुराने त्या पेवांत पाणी शिरले आणि कितीतरी व्यापाऱ्यांचा माल जागच्या जागी कुजला. त्या वर्षी पेढीनेही बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना पत्रे लिहिली होती: माल बुडाला आहे, मुदत वाढवून द्यावी. काहींनी मुदत दिली, काहींनी संबंध तोडले. ज्यांनी मुदत दिली, त्यांची नावे आजोबांना अजून तोंडपाठ होती.

"तू आता मुदत देणाऱ्याच्या जागी बसला आहेस," एवढेच ते म्हणाले.

कारण समजल्याने माल लवकर येत नाही, पण थांबणाऱ्याचा राग निवळतो. राग निवळलेला ग्राहक अविचाराने पैसे फेकत नाही. टंचाईच्या बाजारात अविचाराच्या वाटा फार असतात. पहिली वाट म्हणजे चार दुकानांत चार नावे लिहिणे. ती निरुपद्रवी वाटते, परंतु एका माणसाच्या चार नोंदी झाल्या की मागणी चौपट भासते. दुकानदार वर चौपट मागणी कळवतो, रांग फुगते आणि लोक अधिकच घाबरून अधिक ठिकाणी नावे घालतात. माल आला की चारांतल्या तीन नोंदी रद्द होतात आणि दुकानदाराच्या गळ्यात नग पडून राहतात. नातवाच्या अकराचा नऊ झाला तो नग आल्यामुळे नव्हे, तर अशा दोन नोंदी रद्द झाल्यामुळे, हे त्याला मागाहून कळले.

दुसरी वाट परदेशातून कोणी परस्पर आणलेला नग घेण्याची. त्यावर भारतातील कंपनीची हमी सहसा मिळत नाही आणि दीड लाखाच्या वस्तूचे बिल नसणे ही व्यापारी घराला शोभणारी गोष्ट नाही. तिसरी वाट वाढीव भावाची. व्यापारी बोलीत ज्याला 'ऑन' म्हणतात, तो देऊन माल मिळवण्याची. वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा अधिक घेणे कायद्याने मना आहे. म्हणून ही वाट थोडी वळण घेते. कॅमेरा छापील किमतीलाच, पण सोबत नको असलेली बॅग, नको असलेले मेमरी कार्ड आणि नको असलेला तिपाई स्टँड घ्यायचा. खताच्या टंचाईत युरियाच्या पोत्याबरोबर दुसरी बाटली गळ्यात मारली जाते, त्याला शेतकरी 'लिंकिंग' म्हणून नावे ठेवतात. वस्तू बदलली तरी रीत तीच.

चौथी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत गोड. तिला पैसे लागत नाहीत, ओळख लागते. दसऱ्याच्या आठ दिवस आधी दुकानदाराचा फोन आला, तो नातवाला नव्हे, आजोबांना.

"अण्णा, तुमच्या घरचं काम म्हणून फोन केला. एक नग आलाय. नाव दुसऱ्याचं आहे, पण ते गावाला गेलेत, फोनही उचलत नाहीत. तुमच्या नातवाला संध्याकाळी पाठवून द्या. दिवाळीनंतर पेढी उतरवणार ना तुम्ही? मग पोराचं काम होऊन जाईल."

आजोबा म्हणाले, "त्याला विचारून कळवतो."

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला घर एकत्र बसले तेव्हा नातवाचा आनंद ताटात मावत नव्हता. सहा महिने वाट पाहिली होती. पेढी उतरवायला महिना उरला होता. वडिलांनाही वाटले, मिळतोय तर घ्यावा. दुकानदार आपणहून देतो आहे, कोणी मागायला गेलेले नाही. आजोबांनी जेवण उरकून हात धुतले आणि मग एक जुनी हकिगत सांगितली. घरात ती पूर्वी कोणी ऐकलेली नव्हती.

स्कूटर हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळातली ती हकिगत होती. पुण्याजवळ आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनत होत्या, मागणी प्रचंड होती. पण किती बनवायच्या याची मर्यादा सरकारी परवान्याने ठरवलेली. नाव नोंदवल्यापासून स्कूटर दारात येईपर्यंत दहा-दहा वर्षे गेल्याची उदाहरणे त्या पिढीतल्या घरोघरी आहेत. ज्याला मिळे, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी 'ऑन' देणारा उभा असे. आजोबांनीही पैसे भरून नाव नोंदवले होते.

"माझ्या वडिलांना मिरजेला दवाखान्यात न्यायला लागायचं, आठवड्यातनं दोनदा," आजोबा सांगत होते. "बस मिळाली तर मिळाली. स्कूटरचा क्रमांक जवळ आला होता. एके दिवशी चौकशीला गेलो तर तो वीस घरं मागं गेलेला. मागाहून कळलं, कुणाकुणाच्या ओळखी निघाल्या आणि ती माणसं पुढं गेली. आम्ही बसनं जात राहिलो. स्कूटर आली, तेव्हा वडील नव्हते."

कोणी काही बोलले नाही. आजी उठून आत गेल्या.

"पुढं गेलेली माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही," आजोबा म्हणाले. "त्यांना मागं उभा असलेला दिसला नसेल, इतकंच. तुझे पैसे आहेत, तू ठरव. फक्त दुसऱ्या क्रमांकाचा माणूस कोण आहे, तेवढं विचार."

रांगेचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. रांगेत आपल्यापुढे उभी असलेली माणसे आपल्याला अडथळा म्हणून दिसतात, माणसे म्हणून दिसत नाहीत. ज्याला डावलून पुढे जायचे, त्याचे नाव, गाव आणि गरज माहीत नसते, म्हणूनच डावलणे सोपे जाते. वशिल्याने वस्तू मिळवणारा मनाशी म्हणतो, "मी कोणाचे काय घेतले?" त्याने वस्तू घेतलेली नसते, हे खरेच. त्याने दुसऱ्याची वेळ घेतलेली असते आणि वेळ परत करता येत नाही.

नातवाला त्या रात्री झोप लागली नसावी. सकाळी पेढी उघडण्यापूर्वीच तो दुकानात गेला आणि यादीतील दुसऱ्या नावाची चौकशी केली. तासगावच्या बाजूला लहानसा फोटो स्टुडिओ चालवणारा एक गृहस्थ. लग्नांची कामे करणारा. स्वतःचा जुना कॅमेरा विकून त्याने बयाणा भरला होता आणि आता तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांवर त्याचा हंगाम अवलंबून होता. आई वारल्यामुळे तो गावी होता; फोन न उचलण्याचे कारण तेच.

नातू दुकानदाराला म्हणाला, "काका, तो नग त्यांच्यासाठीच ठेवा. माझा क्रमांक येईल तेव्हा घेईन."

दुकानदार जरा ओशाळला, जरा वैतागलाही. "मी तुमच्या घरासाठीच करत होतो. आजकाल एवढं कोण बघतं?" पण त्याने नग कपाटात ठेवला आणि वर त्या गृहस्थाच्या नावाची चिठ्ठी लावली.

दुकानदाराची बाजूही समजून घ्यायला हवी. टंचाईच्या काळात त्याच्यावर चहूकडून दडपण असते. जुने गिऱ्हाईक, नातेवाईक, मोठी ऑर्डर देणारा, जास्त पैसे मोजणारा, सगळे एकाच नगावर डोळा ठेवून असतात. प्रत्येकाला राजी ठेवायला गेले की यादी हे नुसते कागदाचे चिटोरे उरते. अशा वेळी दुकानदाराला वाचवणारी गोष्ट म्हणजे ती यादीच. क्रमांक पावतीवर स्पष्ट लिहावा. बयाणा परत मागितला तर काही न कापता द्यावा. माल कधी येईल हे ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" असेच सांगावे. "महिन्यात होईल" हे शब्द गिऱ्हाइकाला त्या क्षणी बरे वाटतात, पण दर महिन्याला ते दुकानदाराची पत थोडी थोडी खातात. मोठ्या गिऱ्हाइकालाही "तुमचा क्रमांक सातवा आहे" असे शांतपणे सांगणारा दुकानदार त्या दिवशी एक विक्री गमावील कदाचित. पण पुढच्या वेळी बयाणा देताना त्याच गिऱ्हाइकाचा हात अडखळत नाही. भरपूर मालाच्या दिवसांत सगळेच व्यापारी प्रामाणिक असतात. पत ठरते ती माल अपुरा असताना.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न उरतोच. सचोटी राखली, क्रमांक सोडला नाही, कोणाला डावलले नाही. पण पेढी तर महिन्याभरात उतरणार होती. त्या महिन्याचे काय करायचे?

घरात वडिलांचा बारा वर्षांपूर्वीचा एक डिजिटल कॅमेरा कपाटात पडून होता. त्याला बदलती लेन्स होती आणि झूमही होते. नातवाने तो बाहेर काढला, बॅटरी भरली आणि झूमचे कडे २३ मिलिमीटरवर आणून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. ज्या नव्या कॅमेऱ्याची तो वाट पाहत होता, त्याची लेन्स २३ मिलिमीटरचीच आहे आणि दोन्ही कॅमेऱ्यांतील सेन्सरचा आकार जवळजवळ सारखा. म्हणजे नव्या कॅमेऱ्यातून जेवढे दिसले असते, तेवढेच आता जुन्यातून दिसणार होते. नवा कॅमेरा हाती येईल तेव्हा डोळा तयार असावा, हा त्यामागचा हेतू.

आजोबांनी तो उद्योग पाहिला आणि आतून आपला आग्फा क्लिक-थ्री आणून दाखवला. बडोद्यात बनणारा तो साधा पेटीसारखा कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय घरांचा पहिला कॅमेरा असे. एका रोलमध्ये १२ छायाचित्रे, त्याहून अधिक नाहीत. रोल धुऊन छायाचित्रे हाती येईपर्यंत पुन्हा काही दिवसांची प्रतीक्षा. चूक झाली असेल तर तोवर तो क्षण गेलेला असे; म्हणून कळ दाबण्यापूर्वीच माणूस विचार करी. नातवाने त्यावरून स्वतःला एक नियम घातला: दिवसाला बाराच छायाचित्रे काढायची.

पुढचे चार आठवडे तो सकाळी सौदे सुरू होण्यापूर्वी आणि संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमारास पेढीत फिरत राहिला. झूम रोखलेले असल्याने त्याला प्रत्येक गोष्टीच्या जवळ जावे लागले. जवळ गेल्यावर त्याला पेढी पहिल्यांदा दिसली. पोत्यांच्या घासण्याने गुळगुळीत झालेला उंबरठा. तोलकाट्याच्या साखळीखाली फरशीवर पडलेला खळगा. भिंतीवर छातीइतक्या उंचीची महापुराची रेघ. तीस वर्षे हळदीची पोती वाहिलेल्या हमालाच्या तळव्यांतल्या रेषा, धुऊनही पिवळ्या राहिलेल्या. पणजोबांनी खडूने मांडलेला आणि कोणीच न पुसलेला तुळईवरचा एक हिशेब. आजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या, कारण नवी सून म्हणून आल्या तेव्हा त्या याच पायरीवर बसून पेढीवरच्या माणसांसाठी ताक घुसळीत. ही पायरी आपण रोज ओलांडत होतो, हे नातवाला त्या दिवशी उमगले.

हळदीच्या व्यापाऱ्याला प्रतीक्षेचा हा अर्थ ठाऊक असतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद काढायला आठ-नऊ महिने लागतात. मग ती शिजवायची, वाळवायची, घोळून चकाकी आणायची आणि नंतर ती सौद्याला यायची. त्या काळात शेतकरी हात जोडून बांधावर बसत नाही. भर घालतो, पाणी देतो, पाला पाहतो. पिकाची वेळ त्याच्या हातात नसते, मशागत असते. थांबणे म्हणजे काम थांबवणे नव्हे. वस्तूची वाट पाहणारा माणूस बहुधा इथेच चुकतो. हवी ती वस्तू आल्यावर सुरुवात करू, असे म्हणत तो सुरुवातच पुढे ढकलतो. यंत्राला रांग असते. तुळईवरच्या खडूच्या हिशेबाला आणि पायरीवर बसलेल्या आजीला रांग नसते.

दिवाळी झाली, वहीपूजन जुन्या पेढीतच झाले आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर कामगार आले. आठ दिवसांत तुळया खाली आल्या. खडूचा हिशेब असलेली तुळई आजोबांनी बाजूला काढून ठेवायला सांगितली होती, पण ती उतरवताना मधोमध दुभंगली.

तासगावच्या गृहस्थाने त्याचा कॅमेरा नेला आणि त्याचा हंगाम पार पडला. नातवाचा क्रमांक लागला तो पुढच्या वर्षी फाल्गुनात, बयाणा भरल्याला अकरा महिने झाल्यावर. त्याने छापील किमतीचे बिल घेतले, बॅग नाकारली आणि कॅमेरा घरी आणला. पेढीच्या जागी तेव्हा पायाचे खड्डे होते आणि त्यांत गजांच्या जाळ्या. नव्या कॅमेऱ्याने पहिले छायाचित्र निघाले ते त्या खड्ड्यांचे, काठावर काठी टेकून उभ्या असलेल्या आजोबांसह.

नवी पेढी आता उभी राहिली आहे. दर्शनी भिंतीवर जुन्या पेढीची बारा छायाचित्रे ओळीने लावली आहेत. बाहेरगावचे व्यापारी सौद्याला आले की त्यांच्यासमोर थांबतात, खडूचा हिशेब वाचायचा प्रयत्न करतात आणि विचारतात, "कोणत्या कॅमेऱ्यानं काढले हो हे?"

नातू कपाटातला जुना कॅमेरा दाखवतो. झूमच्या कड्यावरची चिकटपट्टी त्याने अजून काढलेली नाही.